दोन झाकणं

शाळेच्या फाटकावरचा फ्लेक्स मी फाडला. विळा लावला आणि वरपासून खालपर्यंत उभा चिरला. दिवसाढवळ्या, शाळा भरलेली असताना. हेडमास्तर खिडकीतून बघत होता आणि तरी संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर विचारणा सुरू, की हे निंदनीय कृत्य कोणी केलं. अरे, विचारता काय? विळा माझा, हात माझा. माझ्याकडे तसला फोन नाही, म्हणून ग्रुपवर सांगता आलं नाही. कागदावर सांगतो. मी चौथी पास आहे, पण सही करतो, अंगठा लावत नाही. नात शुद्धलेखन बघणार आहे. तिला बजावून ठेवलं आहे, काना-मात्रा कितीही बदल, शब्द एकही मऊ करायचा नाही.

फ्लेक्स होता ढाके सरांच्या श्रद्धांजलीचा. सर धुळ्याला वारले, त्यांच्या लेकीकडे. त्यांचा फोटो कोपऱ्यात, बोराएवढा. आणि मधोमध हात जोडलेला विश्वास अण्णा, शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष, गावाचा माजी सरपंच. खाली मोठ्या अक्षरात ‘शोकाकुल’ आणि त्याच्या खाली पहिलं नाव अण्णाचं, दुसरं त्याच्या पुतण्याचं, कृषी केंद्रवाल्या पप्पूचं. शोकाकुल! ज्यांनी त्या माणसाच्या हातातली प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली, तेच शोक करायला पुढे. वर ‘विज्ञाननिष्ठ आदर्श शिक्षक’. हे शब्द तो जिवंत असताना एकाच्याही तोंडातून निघाले नाहीत. तेव्हा त्यांना गावात नाव होतं ‘मिली सर’. पोरं म्हणत ते वेगळं, पोरं कुणालाही म्हणतात. मोठे बाप्येसुद्धा म्हणायचे.

सर माझ्याकडे भाड्यानं राहायचे. पुढच्या दोन खोल्या त्यांच्या, मागचं घर आमचं, ओटा दोघांचा. पहूरपासून आत आमचं गाव, एसटी दिवसातून मोजकीच, म्हणून शिक्षक लोक जळगावाहून जाऊन-येऊन करायचे. हा एकच माणूस ट्रंक घेऊन राहायला आला. बायको आधीच गेलेली, लेक धुळ्याला दिलेली. उंच, काटकुळा, आणि आवाज असा की साधं ‘चहा झाला का’ विचारलं तरी शेजाऱ्याला वाटावं भांडण लागलं. अंगात कायम पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि त्याच्या पोटावर बारीक बारीक भोकं. आम्ल उडून पडलेली. आमची ही म्हणायची, “सर, शर्ट टाका आता, गाळणी झाली त्याची.” तर म्हणायचे, “वहिनी, प्रत्येक भोकाचा पोरगा मला माहीत आहे. हे खालचं मोठं ज्यानं पाडलं तो आज वरणगावच्या कारखान्यात आहे.”

शर्टाच्या खिशात पेनाऐवजी एक बिनसुईचं इंजेक्शन. गुरांच्या डॉक्टरकडे असतं तसलं जाड, बाजूला रेघा मारलेलं. मिली मिलीच्या रेघा. त्यावरून ते नाव.

सरांना ‘अंदाजे’ हा शब्द चालत नसे. ‘जरासं’ चालत नसे. वर्गात कुणी ‘थोडंसं आम्ल घेतलं’ असं म्हटलं की खडू सुटलाच. त्यांचं एक ठरलेलं होतं: “आधी सांग, बाटलीत आहे किती. मग सांग, तुला पाहिजे किती. मग तोंड उघड.” एकदा एका पोरानं विचारलं, की सर, तोंड न उघडता सांगायचं कसं? सर हसले आणि त्या पोराला प्रयोगशाळेचा मॉनिटर केलं. असा उलटा माणूस.

शिकवण्याची तऱ्हाही तशीच. नात तेव्हा नववीला होती. एक दिवस घरी आली ती ओकाऱ्या काढत. सरांनी मीठ-पाणी पाजलं म्हणे. मी तसाच उठलो, ओट्यावर गेलो आणि आवाज चढवला, “सर, हे काय करू राहिले तुम्ही? पोरी शाळेत शिकायला पाठवतो, जुलाबाचं औषध प्यायला नाही!”

सरांनी शांतपणे दोन तांबे पुढे ठेवले. म्हणाले, “आबा, प्या.”

मी का घाबरू? पहिल्यातला घोट घेतला, वरणाएवढं खारं. दुसऱ्यातला घेतला आणि थेट अंगणात थुंकलो.

“आता या दुसऱ्या तांब्यातलं किती घ्यायचं आणि किती साधं पाणी ओतायचं, म्हणजे पेलाभर पाणी पहिल्यासारखं लागेल?”

“चाखत चाखत ओतायचं. बाया काय करतात?”

“आणि चाखण्यासारखं नसेल तर? जिभेवर ठेवलं की माणूस मरेल असलं असेल तर?”

मी उठून चूळ भरायला गेलो. पटलं म्हणून नाही. तोंड खारट झालं होतं म्हणून.

मग त्यांनी सांगितलं ते मात्र डोक्यात बसलं. पाणी ओतलं की मीठ वाढत नाही आणि कमीही होत नाही. मीठ तेवढंच राहतं, फक्त पसरतं. म्हणून कडक पाण्यातलं किती घ्यायचं ते काढताना आधी मीठ किती पाहिजे ते काढायचं आणि मग बाटलीच्या कडकपणानं भागायचं. बाटली दुप्पट कडक, तर घ्यायचं निम्मं. एवढंच. नातीच्या पुस्तकात तेच अर्धं पान भरून लिहिलेलं होतं, मला तर वाचूनच घाम आला.

आमच्या हिच्या चिमटीला मात्र त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. मी टोचलं एकदा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत खात बसले होते, तिसऱ्यांदा भरीत घेतलं. मी म्हटलं, “काय सर, या भरतात मीठ अंदाजेच टाकलेलं आहे बरं का. चिमटीनं. थुंका.”

“वहिनींची चिमूट रोज तीच आहे,” ते म्हणाले, “आणि मीठही रोज तेच. जोवर माल तोच आहे तोवर चिमूट खरी. माल बदलला आणि चिमूट तीच राहिली, की घात.”

हे बोलणं मी तेव्हा भरतासोबत गिळून टाकलं. पण सगळा झगडा याच्यावरच होता, म्हणून लिहून ठेवतो.

आता झाकणाचं सांगतो, कारण शहरातल्या माणसाला ते कळायचं नाही. कपाशीवर फवारायचं औषध बाटलीत येतं आणि त्या बाटलीचं झाकण हेच आमचं माप. पाठीवरच्या पंपाला दोन झाकणं. आळी जास्त असली तर तीन. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला माहीत नाही, पण अख्खा शिवार तेच करतो. बाटली संपते, फेकली जाते, झाकण मात्र आम्ही ठेवून घेतो. पंपाच्या कडीला सुतळीनं बांधून ठेवायचं, म्हणजे हरवत नाही. माझ्या पंपाला एक लाल झाकण होतं, किती पावसाळे पाहिलेलं. कंपन्या बदलल्या, औषधं बदलली, ते झाकण तेच.

सर एका सुटीला माझ्या शेतात आले. सोबत भाकरी आणली होती, मजेत होते. मी पंप भरायला बसलो आणि सुतळीचं झाकण हातात घेतलं. त्यांनी विचारलं, “आबा, हे झाकण कुठल्या बाटलीचं?”

“आहे जुनं.”

“आणि औषध?”

“हे नवीन आणलं.”

“म्हणजे जोडा एकाचा आणि पाय दुसऱ्याचा.”

“सर, माझी कपाशी उभी आहे ना? डोळ्यानं दिसते ना? मग कायले बोलता?”

तर त्या माणसानं काय करावं! खिशातून चाकू काढला, सुतळी कापली आणि माझं झाकण माझ्याच विहिरीत भिरकावलं. माझ्या गड्यासमोर! मी हातातला पंप खाली आपटला. काय काय बोललो ते लिहीत नाही, नात वाचते आहे. महिनाभर मी त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही. एकच ओटा, पण ते उत्तरेला तोंड करून बसायचे आणि मी दक्षिणेला. गावात टवाळी, “काय आबा, झाकण सापडलं का विहिरीत? पाणबुड्या बोलवू का?” एक दिवस माझ्या खिडकीत खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतो तसला रेघांचा छोटा पेला ठेवलेला दिसला. मी तो नातीच्या जुन्या भातुकलीत टाकून दिला. पुढे मी काय वापरलं आणि आज काय वापरतो, ते विचारायचं नाही. माझ्या शेतात मी मालक आहे. पण गड्यासमोर त्यांनी तसं करायला नको होतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं आणि आजही सांगतो.

मग त्याच वर्षी बाटली बदलली.

पप्पूच्या दुकानात तेच औषध, तेच चित्र, तोच हिरवा पट्टा, झाकणही तेवढंच. फक्त आकडा बदललेला. जुन्या बाटलीवर तीस टक्के होतं, नव्या बाटलीवर पन्नास. कोण वाचतं? अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. किराणाही तिथेच मिळतो म्हणून सर साबण घ्यायला गेले होते, त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि तिथेच सुरू झाले.

“पप्पू, हे गिऱ्हाइकाला सांगतोस का?”

“काय सांगायचं सर? औषध तेच आहे, जास्त पावरचं आलं. लोक खूश आहेत.”

“किती टाकायचं ते सांगतोस का?”

“दोन झाकणं. सगळ्यांना माहीत आहे.”

“अरे बैला! दोन झाकणं म्हणजे वीस मिली. वीस गुणिले तीस सहाशे. आता बाटली पन्नासची. सहाशे भागिले पन्नास बारा. वीसच्या जागी बारा टाकायचं, पप्पू, बारा!”

पप्पू हसला. दुकानातले चार जणही हसले. एक जण म्हणाला, “मिली सर, बारा मिली मोजायला तुमचं इंजेक्शन भाड्यानं द्या ना.” मी तिथे होतो. मी हसलो नाही, पण सरांच्या बाजूनं बोललोही नाही, आमचं तेव्हा बोलणं बंद होतं. बंद म्हणजे बंद.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाजवळच्या सुविचाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: ‘नवी बाटली पन्नासची आहे. पंपाला वीस नाही, बारा मिली. झाकण वापरू नका.’ दुपारच्या सुटीपर्यंत हेडमास्तरानं पुसलं. सरांनी परत लिहिलं. हेडमास्तरानं परत पुसलं. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा अण्णा स्वतः शाळेत आला.

“ढाके सर, ही शाळा आहे का कृषी केंद्र?”

“आणि तुमच्या पुतण्याचं ते कृषी केंद्र आहे का गुत्ता? काहीही द्यायचं, कितीही प्यायचं?”

हे सगळ्या शिक्षकांसमोर. अण्णाला गावात कुणी असं बोललेलं नव्हतं. तो नुसता म्हणाला, “बरं,” आणि गेला. अण्णाचं ‘बरं’ आम्हाला ठाऊक आहे.

अण्णाच्या कपाशीत फवारायला सुकदेव होता. धुळ्याकडचा, साक्रीच्या बाजूचा. बायको आणि तीन लेकरं घेऊन मजुरीला आला आणि अण्णाच्याच शेतात खोपी करून राहिला. बोलणं त्याचं पक्कं अहिराणी, गडी कामाला वाघ आणि स्वभावानं मेंढरू. माझं आणि अण्णाचं शेत बांधाला बांध. भादव्याचं ऊन होतं, कपाशी डोक्याएवढी वाढलेली, आत वारा शिरत नाही. अण्णानं सकाळी त्याला सांगितलेलं मी माझ्या कानानं ऐकलं, “आळी लय आहे सुकदेव, तीन टाक.” तीन झाकणं. त्या पन्नासच्या बाटलीतली.

दुपारी त्याच्या बायकोची किंकाळी आली. मी पळालो. सुकदेव सरीत आडवा पडलेला, तोंडाला फेस, अंगाला घाम असा की विहिरीतून काढल्यासारखा, हातपाय थरथरत होते. मी त्याला ट्रॅक्टरमध्ये घातलं, गड्याला हाकायला लावलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. शाळेवरून जाताना सरांनी पाहिलं. वर्ग सोडून बाहेर आले आणि मला विचारलं ते एवढंच, “बाटली कुठे आहे?” महिनाभराचा अबोला असा मोडला. मी म्हटलं, बांधावर. सर कुणाची तरी मोटरसायकल घेऊन शेताकडे गेले आणि आमच्या मागोमाग दवाखान्यात पोचले, बाटली पिशवीत गुंडाळून.

डॉक्टर विचारत होता, काय फवारलं? कुणाला माहीत? बायको म्हणते, “हिरवा पट्टानी बाटली.” अण्णानं पाठवलेला पप्पू म्हणतो, “साधंच औषध, साहेब.” सरांनी बाटली टेबलावर ठेवली. औषधाचं नाव सांगितलं, टक्के सांगितले, म्हणाले, “पंपाला तीस मिली घातलं. जायला पाहिजे होतं बारा. अडीचपट आहे, आणि सकाळपासून.” डॉक्टरनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नर्सला इंजेक्शन सांगितलं. पुढे जळगावला नेलं. सर सोबत. सुकदेव वाचला.

इथे गोष्ट संपली असती तर मी कशाला विळा घेऊन गेलो असतो?

विषाची केस म्हटल्यावर दवाखान्यातून पोलिसांना कळवतातच. मालक कोण, औषध कोणी दिलं, किती टाकायला कोणी सांगितलं, सगळं निघणार. आणि गावात दोन दिवसांत एक नवीनच गोष्ट फिरायला लागली. सुकदेव प्यायलेला होता. दारूच्या नशेत जास्त औषध टाकलं. कोणी सुरू केली? ओट्याओट्यावर तीच. ज्या माणसानं आयुष्यात हातभट्टीचा वास घेतला नाही, त्याला अख्ख्या गावानं दारुडा केलं. प्यायलेला म्हटला की मालक सुटला, दुकान सुटलं आणि सुकदेवला मिळायची मदतही गेली. काका-पुतण्या दोघांची सोय एका शब्दात.

सर पेटले. कागदावर सगळं लिहून दिलं, बाटली कधी बदलली, आकडा काय होता, हिशोब काय, सांगितलं कुणी नाही. मी लिहून दिलं, की तीन टाक हे अण्णाचं वाक्य माझ्या कानानं ऐकलं. तर पोलिसांनी माझा कागद बाजूला ठेवला. “आबा, तुमचं आणि अण्णांचं बांधाचं भांडण आहे, तुमचं कसं धरायचं?” बांधाचं भांडण आहे! होतं आणि राहील! म्हणून माझे कान बहिरे झाले का?

ग्रामपंचायतीत चौकशी लागली. ठाण्यातून आलेला साहेब खुर्चीवर, अण्णा बाजूला, दाराशी गाव. सुकदेवला बोलावलं. दवाखान्यातून आलेला, निम्मा झालेला, उजवा हात थरथरत होता, तो त्यानं डाव्या हातानं धरून ठेवला होता. साहेबानं विचारलं, काय झालं होतं त्या दिवशी? सुकदेवनं अण्णाकडे पाहिलं नाही, सरांकडेही पाहिलं नाही. जमिनीकडे बघून बोलला, “मी पेयेल व्हतू, साहेब.”

मी प्यायलेला होतो.

साहेबानं लिहून घेतलं. मी सरांकडे पाहिलं, मला वाटलं आता हा माणूस छप्पर उडवणार. ते उठले, खुर्ची जागेवर लावली आणि बाहेर गेले. मागून कुणी तरी म्हणालं, “सर, तुमचा मिली चुकला वाटतं,” आणि दाराशी हशा झाला.

बाहेर पिंपळाखाली सुकदेव आमच्या मागे आला. सरांच्या पायाशी वाकायला गेला, सरांनी धरून उभा केला. तो म्हणाला, “सर, तुम्हना उपकार शेतस. पन माले याच गावमा पोट भरनं शे. बठ्ठा गाव त्यासना शे.” सगळा गाव त्यांचा, आणि मला इथेच पोट भरायचं आहे.

मी तिथेच त्याला शिव्या घातल्या. अरे, ज्यानं तुझा जीव वाचवला त्याला खोटं पाडलंस? सर माझ्यावर ओरडले, त्याच्यावर नाही. “आबा, गप्प बसा! खोपी अण्णाची, रान अण्णाचं, किराणा त्याच्या घरचा. एवढ्या सगळ्यात या माणसाच्या स्वतःच्या मालकीचं उरलं किती? थेंबभर. तो त्यानं लेकरांसाठी राखला. तुम्ही-आम्ही भरलेल्या घागरी घेऊन त्याला काय शिकवता?”

मला पटलं नाही. आजही पटत नाही. खरं ते खरं, मग खोपी कुणाचीही असो. यावरून आम्ही दोघं पुढे अनेकदा भांडलो, पण आता एकमेकांकडे तोंड करून.

पुढचं ऐका. सरांच्या हातातली प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. पोरांचे प्रयोग बंद, नुसतं फळ्यावर. मग संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली, दोन एसट्या बदलून जायचं. सर पहाटे निघायचे, अंधार पडल्यावर यायचे, पण खोली माझीच ठेवली. निवृत्त झाले तेव्हा ना शाल, ना नारळ. आणि सुकदेव? ज्याच्यासाठी त्यानं भर सभेत स्वतःच्या तोंडाला काळं फासलं, त्या अण्णानं पुढच्या हंगामात त्याला काढला. हात थरथरतो, पंप धरवत नाही म्हणून. खोपी रिकामी करायला लावली. मी स्वतः त्याचं बिऱ्हाड ट्रॅक्टरनं एसटीपर्यंत सोडलं. राग त्याच्यावर करायचा का अण्णावर, हेच मला कळेना. आता कळतं.

सर लेकीकडे धुळ्याला गेले. जाताना मला म्हणाले, “आबा, ओट्यावर आता कुठल्याही दिशेला तोंड करून बसा.” एवढाच निरोप.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. माझ्या मेव्हण्याचं हर्नियाचं ऑपरेशन धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात होतं, मी डबा घेऊन गेलो होतो. फवारणीचे दिवस होते. जिना चुकलो आणि भलत्याच वॉर्डात शिरलो, तर तोच आवाज. भांडण लागल्यासारखा. पुढे जाऊन बघतो तर ढाके सर. पाठ वाकलेली, शर्टाची गळपट्टी गळ्याभोवती सैल झालेली. एका खाटेवर कोणी तरी मजूर बेशुद्ध पडलेला, फेस पुसलेला, पायाला चिखल तसाच. त्याच्या उशाशी बायको पदर तोंडात धरून बसलेली. सर तिला विचारत होते, “बाटली आणली का? रिकामी तरी? कुठल्या रंगाची होती?” शेजारच्या खाटेवरचा माणूस मला हळूच म्हणाला, “हे मास्तर या दिवसांत रोज येतात. कोणाचे नातेवाईक आहेत कोणास ठाऊक.”

पायथ्याशी एक जण उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. मालक, दुसरं कोण. तो डॉक्टरला सांगत होता, “साहेब, घेतलेली होती त्यानं. लिहा तसं. सकाळपासून घेतच होता.”

बायकोनं मान वर केली आणि परत खाली घातली.

सर वळले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले नाहीत. खाटेच्या दांड्याला धरून सावकाश खाली वाकले, त्या बेशुद्ध माणसाच्या तोंडाशी स्वतःचं नाक नेलं आणि वास घेतला. बराच वेळ तसेच राहिले. मग सरळ व्हायला त्यांना त्रास झाला.

“डॉक्टर, इकडे या,” ते म्हणाले. “तुम्हीपण घ्या वास. मग काय लिहायचं ते लिहा.”

मालक म्हणाला, “ओ, तुम्ही कोण याचे?”

सरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी डबा हातात धरून दारात उभा होतो. हाक मारणार होतो, पण मारली नाही. त्यांच्या कामात मध्ये बोललेलं त्यांना कधी चाललं नाही.

डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं एकदा इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, एकदा सरांकडे. मग हातातला पेन कानावर अडकवला आणि खाटेवर वाकला.